पेशींनाही ताण येतो!

"या वर्षी मराठी विभागात काहीतरी लिहायचंच," असं विभागाच्या संपादिकेनं (म्हणजे माझ्या रूममेटनं) फर्मावलं, तेव्हा मी सरळ हात वर केले. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मी. आमच्याकडे मराठीला आठवड्याला तीन तास असायचे, त्यातला एक स्पोर्ट्स डेच्या प्रॅक्टिसमध्ये जायचा. वाचायला शिकले ती आजोबांमुळे. ते रोज सकाळी पेपरातल्या हेडलाइन्स माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादिकेला धरा, मला नको.

शेवटी ठरलं की सहाव्या सेमिस्टरच्या सेमिनारचा विषयच मराठीत सांगायचा. विषय असा: जिवंत पेशींना ताणून बघणारी छोटी छोटी यंत्रं. छोटी म्हणजे किती, तर सगळं यंत्र पेनड्राइव्हएवढं आणि त्यातली कामाची जागा केसाच्या चार-पाच पट रुंद.

पहिली ठेच पहिल्याच शब्दाला लागली. आपण मेकॅनिकलवाले दिवसातून दहा वेळा स्ट्रेस-स्ट्रेन म्हणतो. लायब्ररीतला परिभाषा कोश काढून बघितला तर स्ट्रेस म्हणजे 'प्रतिबल' आणि स्ट्रेन म्हणजे 'विकृती'! "पेशींना दहा टक्के विकृती दिली" असं वाक्य मी रूमवर मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मग हॉस्टेलमध्ये कोणाच्यात किती टक्के आहे यावर जी चर्चा सुरू झाली ती मेस बंद होईपर्यंत चालली. म्हणून या लेखापुरतं मी साधा 'ताण' हा शब्द वापरणार आहे, आणि त्याचा अर्थ एवढाच: मूळ लांबीच्या किती टक्के लांबी वाढली. दहा सेंटिमीटरचं रबर अकरा सेंटिमीटर झालं तर दहा टक्के ताण. सबमिशनचा ताण वेगळा. तो टक्क्यांत मोजत नाहीत.

आता हाच विषय का, तेही सांगते. आमच्या घरी कपाटात एक निळी फाइल आहे. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, आजोबा अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. परत आले नाहीत. नंतर बाबांनी हॉस्पिटलमधून केसपेपरच्या झेरॉक्स आणल्या. त्यात व्हेंटिलेटरच्या तक्त्यावर रोज एक आकडा आहे: ३७०. एका श्वासाला इतके मिलिलिटर हवा. बाबांनी शाळेत वाचलेलं, की माणूस साध्या श्वासात अर्धा लिटर, म्हणजे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यांनी ३७० खाली पेनानं दोन रेघा मारल्या. "सव्वाशे कमी दिली. रोज, प्रत्येक श्वासाला." हे वाक्य मी चार वर्षं ऐकलंय. भांडायला ते कधी कुठे गेले नाहीत, पण रेघा आहेत तशाच आहेत.

मी तेव्हा शाळेत होते, मला काही कळत नव्हतं. सेमिनारसाठी 'मायक्रो-डिव्हाइस' असा विषय शोधताना अचानक पेशी, ताण आणि व्हेंटिलेटर हे तीन शब्द एका पानावर दिसले आणि मी तिथंच बसले.

तर सुरुवात पेशीपासून.

आपल्याला शाळेत पेशीची आकृती काढायला लावतात: एक गोल, मध्ये एक ठिपका, आजूबाजूला शेवया. त्यामुळे पेशी म्हणजे पाण्यात तरंगणारा साबुदाणा अशी माझी समजूत होती. शरीरातल्या बहुतेक पेशी तशा नसतात. त्या कशाला तरी चिकटून, ताणून बसलेल्या असतात, पाल उभारावं आणि चारी बाजूंनी दोरांनी खुंट्यांना बांधावं तशा. आतमध्ये प्रथिनांचे दोर असतात, बाहेर खुंट्या. जमीन सरकली की खुंट्या सरकतात, खुंट्या सरकल्या की दोर ओढले जातात, आणि ती ओढ थेट पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचते.

आणि जमीन सतत सरकत असते! रोहिणीची भिंत प्रत्येक ठोक्याला ताणली जाते. मूत्राशय भरतं, रिकामं होतं. फुफ्फुसात तीस ते पन्नास कोटी वायुकोश आहेत, एकेक साधारण ०.२ मिलिमीटरचा, आणि ते सगळे मिनिटाला बारा-पंधरा वेळा फुगतात आणि बसतात. आपण झोपलो तरी, लेक्चरला झोपलो तरी.

पेशीला हे कळतं कसं? हा प्रश्न बरीच वर्षं अर्धवट सुटलेला होता. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत आर्डेम पॅटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत बर्ट्रांड कोस्ट यांनी एक अत्यंत चिकाटीचं काम केलं. एका बारीक काचेच्या सुईनं टोचलं की वीजसंकेत देणारी पेशी त्यांच्याकडे होती. हे काम नेमकं कुठल्या जनुकाचं असेल, याची त्यांनी ७२ नावांची यादी केली आणि एकेक जनुक बंद करून पेशीला टोचून पाहिलं. पहिलं बंद, पेशी ओरडतेच. दुसरं बंद, ओरडतेच. असं करत करत यादीतल्या शेवटच्या, ७२ व्या जनुकाला पेशी गप्प झाली. (आपल्या व्हायव्हाच्या यादीत शेवटचा नंबर असला की काय वाटतं, ते आठवा.) त्या प्रथिनाला 'पिएझो-१' नाव मिळालं, दाबासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. ते तीन पात्यांच्या सीलिंग फॅनसारखं दिसतं आणि पेशीच्या आवरणात रुतून बसलेलं असतं. आवरण ताणलं की पाती सपाट होतात, मधलं भोक उघडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. पेशीच्या दृष्टीनं ही घंटा. २०२१ च्या नोबेलमध्ये पॅटापूटियन यांचा वाटा होता तो यासाठी.

पण घंटा सापडली म्हणजे सगळं कळलं असं नाही. किती ताणल्यावर पेशी नुसती जागी होते, किती ताणल्यावर चिडते आणि किती ताणल्यावर मरते, हे जाणून घ्यायचं तर तिला मोजून मापून ताणावं लागणार. इथं आपली, म्हणजे इंजिनिअर लोकांची एंट्री!

प्रयोगशाळेत पेशी वाढवतात त्या प्लास्टिकच्या बशीत. ही बशी टणक. फुफ्फुसातली पेशी, जी जन्मभर झोपाळ्यावर होती, ती इथं फरशीवर येते, आणि मग तिच्या वागण्यावरून आपण फुफ्फुसाबद्दल निष्कर्ष काढतो. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अल्बर्ट बेन्स आणि सहकाऱ्यांनी यावर एक सरळ उपाय छापला: बशीचा तळच रबरासारखा लवचीक करायचा, पेशी त्यावर वाढवायच्या आणि खालून व्हॅक्यूम लावून तळ खाली ओढायचा. तळ ताणला की वरच्या पेशी ताणल्या. व्हॅक्यूम चालू-बंद केलं की पेशींचा व्यायाम सुरू.

इतकं सोपं? आम्हालाही तसंच वाटलं. म्हणून मिनी प्रोजेक्टला आम्ही चौघांनी असा एक ताणक करायचा ठरवला. पेशी नाहीत, नुसता पडदा. (पेशी वाढवायला जी स्वच्छता लागते ती आमच्या वर्कशॉपमध्ये मिळणं शक्य नाही, हे सरांनी एका वाक्यात समजावलं.)

पडद्यासाठी सगळं जग पीडीएमएस नावाचं सिलिकोन वापरतं. पूर्ण नाव पॉलिडायमिथाइलसिलॉक्सेन. एकदा म्हणून बघा आणि सोडून द्या. दोन बाटल्या येतात, एकात मधासारखा घट्ट द्रव, दुसऱ्यात हार्डनर. वजनानं दहास एक मिसळायचं, ओतायचं, साठ-सत्तर अंशांना काही तास ठेवायचं, की काचेसारखं पारदर्शक रबर तयार. पारदर्शक म्हणून मायक्रोस्कोपखाली आरपार दिसतं, त्यातून ऑक्सिजन जातो म्हणून पेशी गुदमरत नाहीत, आणि ताणलं की जवळजवळ पूर्ण परत येतं.

आमची पहिली बॅच बुडबुड्यांची झाली. मिसळताना हवा शिरते, ती व्हॅक्यूमखाली ठेवून काढावी लागते, हे वाचलं होतं. पण व्हॅक्यूम सोडताना घाई केली. दुसरी बॅच तीन दिवस चिकटच राहिली, कारण हार्डनर 'अंदाजपंचे' टाकला होता. कुणी टाकला ते लिहीत नाही, तो याच अंकात व्यंगचित्रं काढतो. तिसरा पडदा चांगला निघाला. दोन अॅक्रिलिकच्या तुकड्यांना २० मिलिमीटरचं भोक पाडून, मध्ये पडदा धरून स्क्रू आवळले, खाली सिरिंज जोडली. सिरिंज दाबली की पडदा तव्यावरच्या फुलक्यासारखा टम्म फुगायचा. बघायला इतकं छान, की अर्धा तास आम्ही तेच करत होतो.

मग मोजायला बसलो. फुगलेला पडदा गोलाचा तुकडा धरला तर ताण साधारण येतो: दोन तृतीयांश गुणिले (उंची भागिले त्रिज्या) याचा वर्ग. त्रिज्या १० मिलिमीटर, मध्यावरची उंची ४ मिलिमीटर, म्हणजे ०.४ चा वर्ग ०.१६, त्याचे दोन तृतीयांश १०.७ टक्के. वा! पडद्यावर मार्करनं आधीच ठिपके काढून ठेवले होते. मोबाइलनं फोटो काढून ठिपक्यांमधली अंतरं मोजली आणि गडबड लक्षात आली. मधले ठिपके सगळ्या दिशांना सारखे लांब गेले होते. कडेजवळचे ठिपके मात्र केंद्राकडून कडेकडे ताणले गेले, पण कडेच्या समांतर दिशेला जागचे हललेच नाहीत. अर्थातच! कड तर स्क्रूनं आवळलेली. तिचा परीघ वाढणार कसा?

म्हणजे बघा, एकाच पडद्यावर बसलेल्या हजारो पेशींपैकी मधल्या पेशीला एक ताण, कडेच्या पेशीला भलताच. आणि आपण सगळ्या एकत्र खरवडून काढणार आणि लिहिणार, "दहा टक्के ताणाला पेशींनी असा प्रतिसाद दिला." हॉस्टेलच्या सगळ्या मजल्यांच्या मार्कांची सरासरी काढून "हॉस्टेलचा विद्यार्थी" जाहीर करण्यासारखं आहे हे.

बेन्स यांच्या पद्धतीत पुढे यावर जो तोडगा आला तो मला फार आवडला. पडद्याच्या खाली, भोकापेक्षा थोडा लहान, गुळगुळीत, वंगण लावलेला गोल खांब ठेवायचा. व्हॅक्यूमनं पडदा खांबाच्या कडेवरून खाली ओढला जातो. खांबाच्या डोक्यावरचा भाग सपाटच राहतो आणि चहूबाजूंनी सारखा ताणला जातो. डफावर कातडं चढवतात ना, तसं. पेशी फक्त त्या सपाट भागावर वाढवायच्या.

दिशेचंही नाटक आहे. रबराची पट्टी एका दिशेला ओढली की ती आडव्या दिशेला आक्रसते. पॉइसन गुणोत्तर आपण सगळ्यांनी घोकलंय. अशा पट्टीवर रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी ठेवून तासन् तास ताण देत राहिलं तर त्या हळूहळू वळतात आणि ओढीला काटकोनात आडव्या होतात. त्यांना ओढ नको असते, म्हणून जिथं सर्वांत कमी ताण लागेल त्या दिशेला त्या झोपतात. मी हे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा खरंच हसले. मेंदू नाही, डोळे नाहीत, पण दिशा कळते.

आता फुफ्फुसाकडे येऊ. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात डॅनियल शुंपरलिन आणि सुझन मार्ग्युलिस यांनी उंदरांच्या वायुकोशांच्या पेशी लवचीक पडद्यावर वाढवल्या आणि चहूबाजूंनी सारख्या ताणल्या. १९९८ आणि २००० मधले त्यांचे निबंध आहेत. ताण वाढवत नेला तसे मृत पेशींचे आकडे वाढत गेले, यात नवल नाही. नवल पुढे आहे. पेशी एकदा ताणून तशीच धरून ठेवली तर जितकं नुकसान होतं, त्यापेक्षा तेवढाच ताण पुन्हा पुन्हा देऊन सोडला तर पुष्कळ जास्त होतं. आणि शिखर तेच ठेवलं, पण पूर्ण सोडून पुन्हा ताणण्याऐवजी थोडं ताणलेलंच ठेवून त्यावर लहान लहान हेलकावे दिले, तर पेशी कमी मरतात. आपण फटीगच्या चॅप्टरमध्ये शाफ्टसाठी जे शिकतो, जवळपास तेच! सरांनी 'मीन स्ट्रेस' आणि 'अॅम्प्लिट्यूड' फळ्यावर लिहिलं तेव्हा हे कुणाच्या फुफ्फुसात चालत असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग हे यंत्र लहान कशाला करायचं? मोठंच बरं की, स्क्रू तरी हातात धरता येतात.

आमच्या फुलक्याकडे परत जाऊ. १० टक्के ताण द्यायला पडदा जवळजवळ ४ मिलिमीटर वर उचलावा लागला, आणि ज्या क्षणी तो उचलला त्या क्षणी फोटोतले ठिपके धूसर झाले. मोबाइलची ही गत, तर मायक्रोस्कोपची काय? त्याचा फोकस काही मायक्रॉनपुरता असतो (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). म्हणजे पेशीला ताणताना बघायचं आणि नेमकं ताणतानाच ती दिसेनाशी होणार. शिवाय वायुकोशात पेशी एकटी नसते. तिच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला केशवाहिनीत वाहणारं रक्त, आणि दोघांत जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा पडदा. बशीत ही रचना बसवणार कुठं?

उत्तर आलं २०१० मध्ये, हार्वर्डच्या वीस संस्थेतून. (वीस हे देणगीदाराचं आडनाव, आकडा नव्हे!) डोंगुन हू आणि डोनाल्ड इंगबर यांच्या गटानं 'फुफ्फुसाची चिप' केली. कल्पना करा, दुमजली बोगदा. रुंदी ४०० मायक्रॉन. दोन मजल्यांच्या मध्ये पीडीएमएसचा फक्त १० मायक्रॉन जाडीचा, भोकाभोकांचा पडदा. पडद्याच्या वरच्या अंगाला वायुकोशाच्या पेशी, खालच्या अंगाला केशवाहिनीच्या पेशी. पेशी जमल्या की वरच्या मजल्यातलं द्रव काढून तिथं हवा सोडायची. खाली पोषकद्रव वाहत राहतं. आणि खरी गंमत: या बोगद्याच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन रिकाम्या खोल्या. त्यांत व्हॅक्यूम लावलं की मधल्या भिंती बाहेरच्या बाजूला वाकतात आणि पडद्याला दोन्हीकडून ओढतात. पडदा वर जात नाही, खाली जात नाही, जागच्या जागी रुंद होतो. धुतलेली चादर वाळत घालायच्या आधी दोघीजणी दोन टोकं धरून ताणतो, अगदी तसा. फोकस कायम!

करायची पद्धतही आमच्या अॅक्रिलिकसारखी नाही. सिलिकॉनच्या चकतीवर एसयू-८ नावाचा प्रकाशाला घट्ट होणारा लेप द्यायचा, नकाशा छापलेल्या मास्कमधून अतिनील प्रकाश टाकायचा. प्रकाश पडला तिथं लेप घट्ट होतो, उरलेला धुऊन जातो आणि चकतीवर बोगद्यांचा उठाव राहतो. हा झाला साचा. त्यावर पीडीएमएस ओतून सोलून काढलं की रबरात बोगद्याची खाच. साच्यात मोदक वळतात तसा एकाच साच्यातून कितीही नग काढा. हार्वर्डमध्येच जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटानं १९९० च्या दशकात ही पद्धत रुळवली. मग ऑक्सिजन प्लाझ्मा देऊन वरचा तुकडा, पडदा आणि खालचा तुकडा एकमेकांना चिकटवायचे. बाजूच्या खोल्यांत पडद्याचा जो भाग उरतो तो रसायन सोडून विरघळवून टाकायचा. पीडीएमएसवर पेशी आपण होऊन चिकटत नाहीत, म्हणून आधी प्रथिनाचा हात मारायचा. एवढं सगळं केलं की चिप श्वास घ्यायला तयार. हूंच्या चिपला १० टक्के ताण, सेकंदाला ०.२ वेळा, म्हणजे मिनिटाला बारा 'श्वास' दिले होते.

आणि निघालं काय? त्यांनी वरच्या मजल्यात १२ नॅनोमीटरचे सिलिकाचे कण सोडले. धुरात, धुळीत असतात तसले बारीक. पडदा स्थिर होता तेव्हा पेशी बऱ्यापैकी शांत होत्या. 'श्वास' सुरू केल्यावर तेच कण जास्त प्रमाणात पेशीत शिरले, पलीकडच्या 'रक्तात' पोचले, आणि पेशींनी दाहाचे संकेत द्यायला सुरुवात केली. २०१२ मध्ये याच गटानं दुसरं दाखवलं. इंटरल्युकिन-२ नावाचं कॅन्सरवरचं एक औषध काही रुग्णांच्या फुफ्फुसात पाणी भरवतं. चिपमध्ये ते औषध सोडल्यावर पाणी झिरपलं खरं, पण चिप श्वास घेत असताना झिरपणं खूपच वाढलं. टणक बशीत यातलं काय दिसलं असतं? मला वाटतं, फारसं काही नाही.

इथं जरा थांबून या चिपबद्दल कुरकुरही करते, नाहीतर लेख जाहिरात वाटेल. १० मायक्रॉनचा पडदा आपल्याला पातळ वाटतो, पण खऱ्या पडद्याच्या तुलनेत तो गोधडी आहे. खरा वायुकोश फुग्यासारखा सगळीकडून ताणला जातो, चिप फक्त दोन बाजूंनी. पीडीएमएस स्वतःच काही औषधं शोषून घेतं, विशेषतः तेलकट स्वभावाची. मग पेशीला नक्की किती डोस मिळाला हेच कळत नाही. आणि ताण किती दिला, हे व्हॅक्यूमच्या आकड्यावरून सांगणारे निबंध वाचले की मला आमचे कडेचे ठिपके आठवतात. पडद्यावर, पेशीजवळ ताण मोजला का? नसेल तर पुढचं सावकाश वाचावं. तरीही ही मंडळी आता खेळण्यापुरती राहिलेली नाहीत. नवीन औषधाच्या चाचणीत प्राण्यांऐवजी अशा चिपवरचे पुरावे घ्यायची वाट अमेरिकेनं २०२२ च्या डिसेंबरात कायद्यानं मोकळी केली, आणि आपल्याकडेही २०२३ मध्ये औषधचाचणीच्या नियमांत तशी दुरुस्ती झाली.

आता ३७०.

कोविडमध्ये फुफ्फुस बिघडायचं त्या अवस्थेत बरेच वायुकोश पाण्यानं भरतात किंवा मिटून जातात. त्यांत हवा जातच नाही. जी जाते ती उरलेल्या उघड्या वायुकोशांत. इटलीचे डॉक्टर लुचियानो गातिनोनी यांनी याला 'बाळाचं फुफ्फुस' म्हटलं: माणूस मोठा, पण चालू फुफ्फुस बाळाएवढं. आता आपला हिशोब करा. समजा निम्मं फुफ्फुस बंद आहे. ५०० मिलिलिटर हवा ढकलली, तर उघड्या निम्म्याला ती १००० सारखी वाटणार. एक तृतीयांशच चालू असेल तर १५०० सारखी. मिनिटाला पंधरा-वीस वेळा, दिवसरात्र. वर लिहिलेल्या त्या ताणून सोडलेल्या पेशी आठवतात ना? आपण स्वतः श्वास घेतो तेव्हा छाती फुफ्फुसाला बाहेरून ओढते, त्या चिपच्या भिंतींसारखी. व्हेंटिलेटर आतून हवा ढकलतो. कोणी अडवलं नाही तर तो सर्वांत मऊ, म्हणजे उरल्यासुरल्या चांगल्या भागालाच सर्वांत जास्त फुगवणार.

डॉक्टरांना हे चिपच्या आधीच माहीत होतं, श्रेय उगाच आपल्याकडे ओढायला नको. २००० मध्ये अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना किलोमागे १२ मिलिलिटर श्वास, अर्ध्यांना ६. बाराच्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, सहाच्या गटात ३१ टक्के. नवं औषध नाही, नवं मशीन नाही, फक्त कमी ताणलं. आणि हे किलो काट्यावरचे नाहीत, उंचीवरून काढलेले. मेसचं खाऊन वजन वाढलं तरी फुफ्फुस वाढत नाही, म्हणून. पुरुषासाठी सूत्र: ५० अधिक ०.९१ गुणिले (सेंटिमीटरमधली उंची वजा १५२.४).

आजोबांची उंची १६५. मी रूमवर कॅल्क्युलेटर काढला. १६५ वजा १५२.४, १२.६. गुणिले ०.९१, ११.५. अधिक ५०, ६१.५ किलो. गुणिले सहा.

३६९.

कोणीतरी त्या गर्दीत, पीपीई किटच्या आत घामानं भिजत, आजोबांची उंची मोजली होती आणि हा हिशोब केला होता. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावून फाइल काढायला सांगितली आणि तक्त्यात श्वासांची संख्या बघायला लावली. २८ होती. ३७० गुणिले २८ म्हणजे मिनिटाला दहा लिटरच्या वर. साधा माणूस ५०० गुणिले १४, सात लिटर. एकेक श्वास लहान ठेवला होता आणि भरपाई संख्येनं केली होती. मी बाबांना फुलक्याचं सांगितलं, चादरीचं सांगितलं, बाळाच्या फुफ्फुसाचं सांगितलं. बाबा कॉमर्सचे; मध्ये मध्ये "हं" म्हणत होते.

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ३७० बरोबर होतं?"

"हो बाबा. ५०० चुकलं असतं."

"मग गेले का?"

याचं उत्तर माझ्या सेमिनारमध्ये नाही. सहाच्या गटातलेही ३१ टक्के गेलेच होते, तेवढं मी सांगितलं. ते बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पेनानं मारल्यात रेघा. खोडता यायच्या नाहीत," आणि जेवलीस का ते विचारलं.

सेमिनार पुढच्या महिन्यात आहे. आमचा ताणक लॅबमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलाय. ज्यांना फुलका फुगवून बघायचाय त्यांनी जरूर या. फक्त सिरिंज हळू दाबा, हा चौथा पडदा आहे आणि पीडीएमएस संपलंय.